दुपारपर्यंत येतो

ही घटना खरी आहे. माझ्या घरात घडली. माझ्या हातून घडली, असंही कुणी म्हणेल... ते वाचून तुम्ही ठरवा.

भुतं रात्री येतात असं मानणाऱ्या माणसानं ॲरिझोनातली जूनची दुपार पाहिलेली नसते. त्या उजेडात लपायला जागा नसते. सावल्या घरांच्या पायाशी अंग चोरून बसतात. पक्षी मुके होतात. डांबर मऊ पडतं, आणि दूरवर रस्त्यावर पाणी दिसतं, जे तिथे नसतं.

अशा एका शनिवारी, १४ जून १९८६ रोजी, दिवसाढवळ्या अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, चँडलरमधल्या आमच्या घरात माझा नवरा झोपेतून उठून बसला.

म्हणाला, "आला तो."

आणि पुन्हा झोपला.

त्या दोन शब्दांमागची हकिकत मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

मी मृणालिनी. लग्न होऊन १९८४ साली चँडलरला आले. गिरीश चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. चँडलर तेव्हा शहर म्हणावं असं नव्हतंच. कापसाची शेतं, त्यांच्या कडेनं उगवलेल्या नव्या कॉलनी, आणि मराठी घरं सगळी मिळून चार.

पाचवा शैलेंद्र. त्याला घर होतं, पण तो आमच्याकडेच जेवायचा.

नागपूरच्या हॉस्टेलवर तो आणि गिरीश चार वर्षं एका खोलीत राहिले होते. शैलेंद्र आधी आला. मग त्यानंच गिरीशचा अर्ज पुढे सरकवला. मला विमानतळावरून आणलं त्यानंच. गाडी चालवायला शिकवली त्यानंच. मी वळणावर ब्रेक दाबला की म्हणायचा, "वहिनी, सायकलरिक्षा नाहीये ही." वरणाला फोडणी कमी पडली तरी तो ताट चाटूनपुसून खायचा, आणि वर गिरीशला ऐकवायचा, की लेका, तुझी लायकी नव्हती.

दोघांनाही मोटरसायकलचं वेड. कॉलेजात दोघांत मिळून एक येझदी होती, धक्का मारूनच सुरू होणारी. इथे शैलेंद्रनं एक गाडी घेतली होती, जपानी. ८५च्या जूनमध्ये सासऱ्यांच्या आजारपणामुळे आम्ही महिनाभर नागपूरला गेलो, तेव्हा घराची किल्ली त्याच्याकडे होती. परत आलो तर त्यानं गाडी विकून टाकलेली. का, म्हणून गिरीशनं विचारलं. उन्हाचा कंटाळा आला यार, म्हणाला. विषय संपला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये कंपनीनं शैलेंद्रला तीन महिन्यांसाठी ऑरेगॉनला पाठवलं. तो परत यायच्या आत आपणही गाडी घेऊन त्याला चकित करायचं, असं गिरीशनं ठरवलं. डांबरावरही चालेल आणि वाळवंटातल्या कच्च्या रस्त्यावरही चालेल अशी, लांबच्या प्रवासाची गाडी. नवी परवडत नव्हती.

एप्रिलमध्ये पेपरात छोटी जाहिरात आली. जर्मन बनावट, आठशे सीसी, दोन सिलिंडर, मोठी टाकी, ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या. फक्त नऊ हजार मैल चाललेली.

मीही बरोबर गेले.

घर अपाची जंक्शनच्या पलीकडे, शेवटच्या विजेच्या खांबाजवळ. विकणारी बाई साठीची. मिसेस हॅच. उंच, ताठ, डोळे उन्हानं विटलेल्या कापडासारखे. गाडी तिच्या मुलाची होती. डेलची. तो गेल्या वर्षी वारला, एवढंच तिनं सांगितलं. त्याआधी चार गिऱ्हाइकं तिनं परत पाठवली होती.

गाडी मागच्या शेडमध्ये चादरीखाली होती. पांढरी टाकी. दोन्ही बाजूंना बाहेर आलेली सिलिंडरं, जणू कुणी कोपर रोवून बसलं आहे.

जुनी गाडी घेताना गिरीशचा एक नियम होता. आधी इंजिनाला हात लावून बघायचा. इंजिन थंड हवं. विकणारे लोक आधीच सुरू करून तापवून ठेवतात, मग कुठलीही खटारा गाडी एका दमात सुरू होते.

त्यानं हात लावला...

आणि झटकन मागे घेतला.

इंजिन तापलेलं होतं.

मिसेस हॅच म्हणाली, गेल्या जूनपासून या गाडीला कुणी किल्ली लावलेली नाही. गिरीश हसला. पत्रा उन्हानं तापतो, म्हणाला. मी शेडच्या पत्र्याला हात लावून पाहिला. शेजारच्या खोऱ्याला, कुदळीला लावला.

सगळं गार होतं.

गिरीशनं गाडीवर एक फेरी मारली. परत आला, स्टँडवर लावली, उतरला, वाकला आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला. आपल्याकडची सवय. जुन्या गाड्यांचं पेट्रोल गळायचं, म्हणून दर वेळी उतरलं की कॉक बंद. इथे कुणी करत नाही. गिरीश मात्र पाच मिनिटं थांबला तरी करायचा.

मिसेस हॅच त्या हाताकडे बघत राहिली.

बराच वेळ...

मग तिनं विचारलं, तू कुठे काम करतोस. गिरीशनं कारखान्याचं नाव सांगितलं. तिनं मान हलवली. किंमत विचारली, तेव्हा तिनं जाहिरातीतल्या निम्मी सांगितली आणि सोमवारी नोटरीकडे सहीला ये म्हणाली. परतताना गिरीश गाडीत गाणं गुणगुणत होता. मी काचेतून मागे पाहिलं. ती शेडच्या दारात उभी होती. एखाद्याला निरोप देताना माणूस जसं उभं राहतं, तसं नव्हे. एखादं काम मार्गी लागल्यावर उभं राहतं, तसं.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी मी टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. मग तांब्याभर पाणी घेऊन चाकांवर घातलं.

पाणी जमिनीपर्यंत पोचलं नाही.

मी वरून ओतत होते. ते टायरवर पडत होतं, आणि तिथेच संपत होतं. गॅरेजची फरशी कोरडी. मी दुसरा तांब्या आणला. तोही...

गिरीश म्हणाला, रबर तापलंय गं. इंजिनिअर माणूस. त्याच्याकडे कशाचंही कारण असायचं.

मग गॅरेजमधलं पाणी नाहीसं व्हायला लागलं.

वाळवंटात राहणारे लोक गॅलनभर पाण्याचे प्लास्टिकचे कॅन हाताशी ठेवतात. आमचे चार कॅन गॅरेजमध्ये असायचे. एका सकाळी पाहिलं, तर चारही रिकामे. तळ फुटलेला नव्हता. फरशी ओली नव्हती.

झाकणं घट्ट होती. सील न तोडलेली.

शेजारच्या कुंडीतला कढीपत्ता मी रोज भिजवायचे. आठ दिवसांत त्याची काडी झाली. हात लावला की पानाचा भुगा व्हायचा.

आणि दुपारी आवाज यायचा.

गिरीश कामावर असे. घरात मी एकटी. कूलरची घरघर, बाकी शांतता. बरोबर बारानंतर गॅरेजमधून...

टण्.

थोडा वेळ काहीच नाही.

टण्... टण्...

पहिल्यांदा मला कळेना. मग गिरीशला एकदा पाहिलं, तेव्हा उमगलं. पेट्रोल किती उरलंय हे बघायला तो बोटाच्या पेरानं टाकीवर टिचकी मारायचा. भरलेली टाकी बद्द वाजते. रिकामी टाकी टण् वाजते.

आदल्याच दिवशी गिरीशनं टाकी काठोकाठ भरून आणली होती.

तरीही दुपारी ती रिकामी वाजत होती.

मी दार उघडायचे, तेव्हा आत कुणी नसायचं. गाडी उभी असायची. कॉक मात्र फिरलेला असायचा. या कॉकला तीन जागा असतात. चालू, बंद आणि रिझर्व्ह. पेट्रोल संपत आलं की गाडी आचके देते. मग कॉक रिझर्व्हवर करायचा, म्हणजे पंप गाठण्यापुरतं पेट्रोल मिळतं. पण कॉक पहिल्यापासूनच रिझर्व्हवर असेल, तर आचका बसत नाही. गाडी काही न सांगता चालत राहते, आणि थांबते तेव्हा एक थेंबही उरलेला नसतो.

गिरीश कॉक बंद करून जायचा. दुपारी तो रिझर्व्हवर असायचा.

रोज.

मे महिन्यात गिरीश दर शनिवारी पहाटे बाहेर पडायला लागला. कधी टूसानकडे निघायचा, कधी ग्लोबकडे, आणि परत आला की सांगायचा, की फ्लॉरेन्सच्या पुढे, कापसाची शेतं संपतात तिथून एक कच्चा रस्ता आत जातो, तिथे जाऊन आलो. दर वेळी तोच रस्ता. का गेलास, विचारलं की गोंधळायचा. ओठ फुटलेले असायचे. पाण्याचे पेल्यावर पेले रिकामे करायचा. मी गाडी विकायला सांगितलं. तो हसण्यावारी न्यायचा. मग हसणंही थांबलं.

७ जूनला तो परत आलाच नाही.

संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. एका गुरं राखणाऱ्या माणसाला तो त्या कच्च्या रस्त्यावर सापडला होता. बेशुद्ध. गाडी स्टँडवर नीट लावलेली. तीस मैलांपूर्वी भरलेली टाकी कोरडी ठणठणीत. कॉक रिझर्व्हवर.

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं कशीबशी वाचली आहेत. पुन्हा असं झालं, तर वाचणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी गिरीश बोलला. हळू, तुटक. त्या रस्त्यावर गाडी बंद पडली. त्यानं मान वर केली, तर गाडीच्या सावलीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. मान खाली घातलेला एक गोरा माणूस. त्यानं वळूनही न बघता विचारलं...

"डिड यू ब्रिंग इट?"

काय आणायचं होतं, गिरीशनं विचारलं.  तो माणूस गुडघ्यांवर बसला, टाकीला कान लावला आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली.

हे सांगून गिरीश भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शनिवारी परत जायला हवं. तो वाट बघतोय."

मी त्याच दुपारी मिसेस हॅचला फोन केला.

गाडी परत घ्या म्हटलं. पैसे नकोत. माझा नवरा मरेल.

ती म्हणाली, "माझा मुलगा मेला, मॅम."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. आवाज एकदाही हलला नाही. डेल मागच्या जूनमध्ये त्या कच्च्या रस्त्यावर मेला. तहानेनं. दोन दिवस लागले त्याला. गाडीत पेट्रोल नव्हतं. मातीत दोन गाड्यांच्या चाकांच्या खुणा होत्या, आणि त्यांतली एकच परत फिरलेली. डेल बारा मैल चालून हायवेला येऊ शकला असता. तो जागचा हलला नाही. का, ते पेटीवरच्या धुळीत त्यानं बोटानं लिहून ठेवलं होतं. मित्र पेट्रोल आणायला गेलाय, दुपारपर्यंत येईल.

त्या मित्राचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. एकदा फाटकापाशी येऊन गेला होता, डोक्यावर हेल्मेट. डेल एवढंच सांगायचा, की इंडियन आहे, चिपच्या कारखान्यात आहे, आणि गंमत म्हणजे कुठेही थांबला तरी वाकून गाडीचा पेट्रोल कॉक बंद करतो. स्वतःच्या गाडीचाही, डेलच्या गाडीचाही.

"तुझ्या नवऱ्यानं माझ्यासमोर तेच केलं," ती म्हणाली. "मी वर्षभर त्या हाताची वाट पाहिली."

मी तिला सांगितलं, की गेल्या जूनमध्ये आम्ही दोघंही भारतात होतो. पासपोर्टवर शिक्का आहे. हवं तर आणून दाखवते.

 तारेतून नुसता वाळवंटासारखा आवाज येत होता...

मग ती म्हणाली, "म्हणजे मी चुकीचा माणूस धरला. डेलनंही. पण मॅम, तुला माहीत आहे ना तो कोण ते?"

मला माहीत होतं.

एका हॉस्टेलवरच्या, एका येझदीवर शिकलेल्या दोन माणसांचे हात एकाच सवयीचे असतात.

शैलेंद्र बुधवारी ऑरेगॉनहून परतला. विमानतळावरून थेट आमच्याकडे आला. गिरीशला इस्पितळातून घरी सोडलं होतं, गाडीही पोलिसांनी ट्रकवर घालून आणून दिली होती. गिरीश आत पडून होता. दिवसभर पाणी पीत होता, आणि तरी त्याच्या ओठांना चिरा पडत होत्या. शैलेंद्र त्याच्याशी थट्टेनं बोलून बाहेर आला. कुठली गाडी घेतली हो या शहाण्यानं, म्हणाला.

मी गॅरेजचं दार उघडलं.

तो दोन पावलं आत गेला. थांबला.

मी आजवर अनेक माणसांचे चेहरे पांढरे पडलेले पाहिले आहेत. त्याचा पडला नाही. तो विझला. घरातले दिवे एकेक करून कुणीतरी बंद करत जावं, तसा.

तो तिथेच, फरशीवर, गाडीकडे पाठ करून बसला.  तो सांगत गेला.

एका गॅरेजमध्ये डेलशी ओळख झाली होती. तीन-चार वेळा बरोबर फिरले. त्या दिवशी फ्लॉरेन्सला चहापाण्याला थांबले, तेव्हा सवयीनं यानं दोन्ही गाड्यांचे कॉक बंद केले. निघताना डेल हसत होता, तूच बंद केलास, तूच चालू कर म्हणाला. याच्या जपानी गाडीचा कॉक एका बाजूला फिरायचा, डेलचा दुसऱ्या. यानं न बघता फिरवला. तो रिझर्व्हवर गेला. पुढे आत, बारा मैलांवर, डेलची गाडी एकदम थांबली.

जागचा हलू नकोस, दुपारपर्यंत येतो, असं सांगून हा निघाला.

त्यानं पंपावर डबा विकत घेतला. भरला. कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी आला, तर तिथे पोलिसांची गाडी उभी. याच्याकडे मोटरसायकलचं लायसन्स नव्हतं, इन्शुरन्स नव्हता. आणि ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू अकरा दिवसांवर आलेला.

"वाटलं, पोलीस आहेत, त्यांना दिसेलच तो. मी सरळ पुढे निघून गेलो, वहिनी. घरी येऊन आंघोळ केली. संध्याकाळी वाटलं, फोन करावा. मग वाटलं, आता विचारतील, इतका वेळ कुठे होतास. प्रत्येक तासाला आधीच्या तासाची भीती वाटत गेली."

"इंटरव्ह्यू झाला?"

"झाला. पाच मिनिटांत. कार्ड आलं."

मग तो खाली बघत म्हणाला, "डबा अजून माझ्या डिकीत आहे. भरलेला."

आमच्यामागे...

टण्.

आम्ही दोघांनीही ऐकलं. मागे वळून बघितलं नाही.

मी आज स्वतःशी प्रामाणिक असायला हवं. मी त्याला पोलिसांकडे जा म्हणू शकले असते. मिसेस हॅचच्या दारात जाऊन गुडघे टेका म्हणू शकले असते. आतल्या खोलीत माझा नवरा झोपेत पाणी मागत होता. शनिवारला तीन दिवस उरले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवत होतं.

मी म्हणाले, "ही गाडी घेऊन तुम्ही तिथे जा. तुम्ही गेलात, तर तो गिरीशला सोडेल."

शैलेंद्रनं मान वर केली.

"आणि मला?"

मी उत्तर दिलं नाही.

तोही पुन्हा विचारत बसला नाही. दोन वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस. माझं गप्प बसणं त्याला वाचता येत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी मिसेस हॅचला फोन केला. उद्या सकाळी, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "डेलनं फार वाट पाहिली." आणि फोन ठेवला.

शनिवारी तो पाच वाजता आला. उजाडत होतं. मी चहा केला. दोन कप प्याला. पेट्रोलचा डबा त्यानं पेटीत ठेवला, मी पाण्याचे दोन कॅन भरून दिले. किल्ली मी दिली. माझ्या हातानं, त्याच्या तळहातावर.

"येतो, वहिनी," म्हणाला. जाणाऱ्यानं जातो म्हणू नये, ही आपली रीत. मग जरा थांबून, ओशाळं हसून... "दुपारपर्यंत येतो."

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गिरीश उठून बसला. आला तो, म्हणाला. पुन्हा झोपला. मी त्याच्या ओठांवरून बोट फिरवलं.

ओठ ओले होते. आठवड्यात पहिल्यांदा.

गॅरेजमध्ये मी पाण्याचा एक कॅन मुद्दाम ठेवला होता. तो भरलेला होता, तसाच.

दोन वाजता मी पोलिसांना कळवलं. पाचच्या सुमारास त्यांना तो सापडला.

गाडी स्टँडवर होती. टाकी काठोकाठ भरलेली. किल्ली चालू बाजूला; अधिकाऱ्यानं बटण दाबलं, तर पहिल्या झटक्यात सुरू झाली. पेट्रोलचा डबा भरलेला. पाण्याचे दोन्ही कॅन भरलेले, झाकणं बंद. हातभर अंतरावर.

आणि गाडीच्या सावलीच्या पट्टीत शैलेंद्र. कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला तीन वेळा विचारलं, याला तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत. आज पहाटे, मी सांगत होते. ते मान हलवत होते. जीभ, डोळे, कातडी... हा माणूस किमान दोन दिवस पाण्यावाचून होता, म्हणाले.

त्या दिवशी पहाटे पाच वाजता त्यानं माझ्याकडे दोन कप चहा घेतला होता. दोन्ही कप तेव्हा अजून सिंकमध्ये होते.

गाडी न्यायला मिसेस हॅच स्वतः आली. पोलिसांच्या आवारात आम्ही समोरासमोर आलो. मी सहीचे कागद पुढे केले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि टोपीला हात लावला, जसा हे लोक बरोबरीच्या माणसाला लावतात. त्या एका हालचालीनं मला जितकं भ्यायला झालं, तितकं गॅरेजमधल्या आवाजानंही झालं नव्हतं.

गिरीश पंधरा दिवसांत बरा झाला. शैलेंद्र आमची गाडी चालवून बघायला गेला होता, हेच तो आजही मानतो. मी दुसरं काही सांगितलेलं नाही.

नागपूरला शैलेंद्रची आई होती. सुहासिनीकाकू. फोन मीच लावला. तार जोडून मिळायला चार तास लागले. काकू रडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "निघताना पाणी घेतलं होतं ना गं त्यानं?"

"हो काकू. मी स्वतः भरून दिलं."

खरं तेच सांगितलं.

त्यांनी मला आशीर्वाद दिला. परक्या मुलखात माझ्या लेकाचं केलंस, म्हणाल्या. त्या दिवाळीला त्यांचं पत्र आलं. निळं, घडीचं. चार ओळी खुशालीच्या, आणि शेवटी एक प्रश्न. त्याची गाडी तर विकली, असं त्यानं मागेच कळवलं होतं. मग ती गाडी त्याच्या हाती दिली कुणी, एवढंच कळव.

मी खुशालीचं उत्तर पाठवलं. त्या प्रश्नाचं नाही.

पुढच्या दिवाळीला पुन्हा पत्र. पुन्हा तीच शेवटची ओळ. अक्षर थकत गेलं, ओळ तीच राहिली. सदतीस दिवाळ्या. शेवटच्या काही पत्रांत खुशालीही नसायची. नुसता प्रश्न, आणि खाली सही.

गेल्या माघात काकू गेल्या. ब्याण्णवाव्या वर्षी. त्यांच्या पुतण्याचा फोन आला होता.

गिरीश म्हणाला, सुटल्या बिचाऱ्या.

मी हो म्हटलं.

त्या जिवंत होत्या, तोवर त्यांनी मला विचारलं. आता त्यांना विचारावं लागणार नाही.

डेलला त्याचा माणूस ओळखायला वर्ष लागलं. मधे एकदा तो चुकलाही. आम्ही अजून त्याच घरात राहतो. काकूंनी इथला पत्ता सदतीस वेळा स्वतःच्या हातानं लिहिला आहे. तो त्यांना पाठ असणार.